उम्म सैफची लिंबं

पाण्याची चव घेणं हा आमच्या पप्पांच्या धंद्याचा भाग होता. नवीन बोअरला पाणी लागलं की आधी चिखलाचा लोंढा यायचा, मग हळूहळू धार निवळायची, आणि त्या धारेखाली ओंजळ धरून पप्पा एक घोट तोंडात फिरवायचे. सगळे त्यांच्या गालांकडे बघत उभे. मग ते घोट बाजूला थुंकायचे, मिशी पुसायचे आणि मालकाला म्हणायचे, "मीठा है, अरबाब." एवढं ऐकलं की मालकाचा चेहरा उजळायचा. पाणी लॅबमध्ये पाठवायची सोय होती, पण रिपोर्ट यायला वेळ लागायचा आणि तोवर पंप बसवून मोकळं व्हायची सगळ्यांना घाई असायची. त्यामुळे शारजाच्या आतल्या भागात, धैदच्या आसपासच्या शेतांवर पप्पांच्या जिभेला मोठा मान होता. मिरजेतून पंप दुरुस्तीचं काम शिकून आलेल्या माणसाने त्या जिभेवर दुकान उभं केलं: पंप, पाइप, ठिबकच्या नळ्या, खताची पोती. लायसन्स तिथल्या एका अरब शेतमालकाच्या, अबू सैफच्या नावाचं, आणि आम्ही राहायचो तेही अबू सैफच्याच शेतावर, पूर्वीच्या मुकादमासाठी बांधलेल्या दोन खोल्यांत.

यूएईत शेतावर वाढले असं सांगितलं की लोक हसतात. माझा मुलगाही हसतो. आम्ही आता दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो, खाली हिरवळ आहे, तिला रोज पाणी मारतात. त्याला वाटतं शेत म्हणजे तसंच काहीतरी. एकदा मी त्याला सांगायला लागले की तुझ्या आजीच्या दारात केळी होत्या, अळू होतं, शेवगा होता, तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "ममा, दॅट्स सो रँडम." पण होतं खरंच. डोंगर आणि लाल वाळू यांच्या मधल्या त्या पट्ट्यात तेव्हा मैलोन् मैल हिरवं होतं. खजूर, लिंबं, आंबे, थंडीत टोमॅटो, कोबी, काकडी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे गवत. उंटांना आणि शेळ्यांना घालायला लागणारं ते उंच गवत वर्षभर पाणी पीत उभं असायचं. मालक लोक शारजात नोकरीला, कोणी फौजेत, कोणी सरकारी ऑफिसात. गुरुवारी दुपारी त्यांच्या गाड्या धूळ उडवत यायच्या आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जायच्या. सरकार विहिरींना, पंपांना, रोपांना हात सैल सोडून मदत करत होतं. थंडीत सगळ्यांचे टोमॅटो एकाच वेळी पिकायचे, बाजारात कोणी विचारायचं नाही, मग ते शेळ्यांपुढे ओतायचे. आमच्या दारातल्या शेळ्यांची तोंडं जानेवारीभर लाल असायची. आणि या सगळ्याखाली, दिवसभर, पंपांची घरघर. ती थांबली की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. पाणी दरवर्षी खाली जातंय हे सगळ्यांना माहीत होतं. पप्पा म्हणायचे, पाणी खाली गेलं की पाइप वाढवायचा, त्यात एवढं काय.

अबू सैफ तरुणपणी लाँचीने मुंबईला जाऊन आलेले. त्यांना भेंडीबाजारची हिंदी यायची आणि ती पप्पांशी बोलताना ते मजेत वापरायचे. त्यांच्या बायकोला, उम्म सैफला, मात्र अरबीशिवाय काही येत नव्हतं आणि आईला तेव्हा मराठी आणि मोडकी हिंदी. तरी त्या दोघींची मैत्री होती, आणि त्या मैत्रीची जीभ मी होते. शाळेत अरबी सक्तीची होती, पण ती परीक्षेपुरती. बोलायला मी शिकले ते उम्म सैफच्या नातींबरोबर वाळूत लोळून. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून आई मला मध्ये बसवायची. उम्म सैफ विचारायची, तुझ्या आईच्या पायाचं दुखणं कसं आहे. आई सांगायची, सांग त्यांना, तेल लावलं, बरंय. मग आई विचारायची, धाकट्या सुनेचं काय झालं. मग उम्म सैफ माझ्या कानाला हात लावून आधी मला दटावायची, हे बाहेर बोलायचं नाही हं, आणि मग सांगायची. ती आईला उम्म नीला म्हणायची, म्हणजे नीलाची आई. तिच्याकडे बाईला पहिल्या अपत्याच्या नावानेच ओळखतात. आईला ते फार आवडायचं. माहेरी सासरी मिळून आपल्याला चार नावं मिळाली, पण हे पाचवं सगळ्यात सोपं, असं ती म्हणायची.

लिंबांची बाग उम्म सैफची होती. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या वडिलांनी रोपं बरोबर दिलेली, ती तिने स्वतः लावली, आणि अबू सैफ त्या बागेतल्या दगडालाही तिला विचारल्याशिवाय हात लावत नसत. पातळ सालीची, लहान, हिरवी लिंबं. फांदीला धक्का लागला की वास हाताला दिवसभर राहायचा.

आमच्याकडे गणपती-गौरींना माणसं यायची, अजमानहून, शारजाहून, दुबईहूनसुद्धा. त्यांच्या फ्लॅटमध्ये सगळं होतं, पण दूर्वा नव्हत्या, केळीची पानं नव्हती, अळू नव्हतं. आई ते सगळं पिकवायची. मोरीच्या पाण्यावर अळू, टाकीच्या गळतीवर केळी. कुलकर्णी काकू अजमानहून यायच्या त्या दारातूनच ओरडत, "आले गं बाई शेतकरणीकडे, चप्पल कुठे काढू, शेळी खाईल!" आई हसायची. मला ते झोंबायचं. मी तेव्हा अकरावीत. शाळेची बस पहाटे यायची आणि मी उतरेपर्यंत निम्मा वेळ झोपलेली असायचे. वर्गातल्या मुली मला खजूर म्हणायच्या. अजमानला काकूंच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट होती, खाली बेकरी होती, समुद्र चालत जाण्याइतका जवळ होता, आणि मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमी त्यांच्याच हॉलमध्ये व्हायच्या. मला तिथे राहायचं होतं. त्या वयात एखादी गोष्ट हवी असणं म्हणजे काय असतं, ते आज मुलाकडे बघून आठवतं. दुसरं काहीच दिसत नाही. पप्पांनी शब्द दिलेला होता. उम्म सैफच्या बागेतल्या बोअरचं काम मोठं होतं. ते झालं की, ते म्हणायचे, यल्ला, चला अजमानला. भाड्याचा आकडा ते दिरहममध्ये सांगायचे, मग रुपयांत सांगून स्वतःच हबकायचे, पण शब्द मागे घेत नव्हते. अडचण एकच होती. अबू सैफ म्हणाले होते, "लूमी उम्म सैफ का है. वो हाँ बोलेगी तो हाँ." लूमी म्हणजे लिंबं. आणि उम्म सैफने, पप्पांच्या जिभेवर विश्वास ठेवून, हो म्हटलं होतं.

त्या वर्षी आमच्या घरात काही बारीकसारीक गोष्टी बिघडल्या होत्या, पण त्या एका ओळीत मांडून बघायचं कोणाला सुचलं नाही. डाळ शिजेना. आई सोडा घालायची आणि दुकानदाराला शिव्या द्यायची, जुनी डाळ देतो म्हणून. साबणाला फेस येईना. बादलीच्या काठाला पांढरा थर बसायचा. अळूची पानं कडेने करपली, तेव्हा आई म्हणाली ऊन जास्त आहे. प्यायचं पाणी आम्ही गावातून कॅनने आणायचो, स्वयंपाक-धुणं नळाचं. पप्पा म्हणाले पाणी थोडं जड झालंय, आणि आम्ही जड हा शब्द घेऊन गप्प बसलो.

गौरी जेवायच्या त्या दिवशी शुक्रवार, सुट्टीचा वार होता, त्यामुळे घर भरलेलं. आईने पहाटेपासून पुरणाची डाळ चढवलेली. पुरणपोळी, वरण-भात, कटाची आमटी, अळूची भाजी, पंचामृत. नैवेद्याचा स्वयंपाक आई कधी चाखायची नाही. देवी जेवायच्या आधी जिभेला काही लावायचं नाही, हे तिच्यात इतकं मुरलेलं होतं की पदार्थ ढवळताना ती तोंडही बाजूला करायची. मग मीठ कसं घालायचं? तिच्या आईने दिलेला एक लाकडी चमचा होता, शिगोशीग भरायचा, या पातेल्याला एवढा, त्या पातेल्याला तेवढा. एरवी ती अंदाजाने घालून बोटावर चाखायची. सणाला मात्र तो चमचा बाहेर यायचा, आणि इतक्या वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

नैवेद्य झाला, आरती झाली, पानं मांडली. मी तूप वाढत होते. कुलकर्णी काकूंनी पहिला घास घेतला आणि त्यांचं चावणं थांबलं. काकांनी पाण्याचा पेला उचलला तो संपवूनच खाली ठेवला. मग काकूंनी त्यांच्या पद्धतीने वाट काढली.

"वहिनी, गौरींना ब्लड प्रेशर आणायचा बेत होता का?"

सगळे हसले. आई हसत हसत आली, काकूंच्या पानातून नाही, पातेल्यातून थोडं वरण हातावर घेतलं आणि तोंडात घातलं. तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळे थांबले. मग आमटी. मग पुरण, पुरणातही गुळाच्या मागून मीठ येत होतं. वरण तसंच पिवळं होतं, त्यावर तुपाची धार तशीच, केळीचं पान तसंच हिरवं. काहीही बदललेलं दिसत नव्हतं, आणि मला मात्र कोणीतरी घरात शिरल्यासारखी भीती वाटली.

"मी एकदाच घातलं," आई म्हणाली. "मोजून."

काकू म्हणाल्या, असू दे हो, होतं. आई ऐकत नव्हती. ती आत गेली, नळ सोडला, पप्पा धरतात तशी ओंजळ धरली, घोट तोंडात फिरवला. पण थुंकली नाही. गिळला. दारातून आम्ही सगळे बघत होतो. परत आली तेव्हा ती कोणाशी असं नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. रोज ती चाखून मीठ घालत होती, आणि रोज थोडं कमी लागत होतं. किती महिने कोण जाणे. तिचा हात आपोआप कमी करत गेला, आणि तिला कळलंच नाही. आज चाखायचं नव्हतं, म्हणून चमचा जुन्या मापाने पडला.

मग तिने पप्पांकडे बघितलं. "मचूळ नाही आता हे. खारट आहे. तुम्हाला कळलं नाही?"

"जड आहे थोडं," पप्पा म्हणाले.

"तुमच्या जिभेला कळलं नाही?"

पप्पांनी पानाकडे बघितलं आणि वरण-भाताचा मोठा घास घेतला. ते पूर्ण पान जेवले त्या दिवशी. बाकीच्यांनी दही-पोळीवर भागवलं. आई गौरींच्या मुखवट्यांसमोर जाऊन बराच वेळ उभी होती. तिचं दुःख पाहुण्यांचं नव्हतं. देवीने हे गप्प बसून खाल्लं, या गोष्टीचा तिला धक्का बसला होता.

पाहुणे गेले तेव्हा दुपार कलली होती. मी मोरीत भांडी घासत होते, साबण नुसता ओघळत होता, आणि त्या दोघांचं बोलणं पलीकडून येत होतं. आई भांडत नव्हती, समजून घेत होती, एकेक प्रश्न. आदल्या वर्षी गवताच्या शेतात जो खोल बोअर मारला, त्याच्यामुळे का? पप्पा म्हणाले, वरचं गोडं पाणी उपसून संपत आलं की खालचं खारं वर चढतं, पंप मोठा असला की लवकर चढतं.

"मग लिंबांच्या बागेत किती खोल जाणार?"

"तेवढंच. जरा जास्त."

"म्हणजे तिथेही असंच होणार?"

"लगेच नाही."

मी नळ बंद केला. मग पप्पा म्हणाले, "तोपर्यंत आपण अजमानला असू."

माझे पप्पा वाईट नव्हते. हे वाक्य मी अनेकदा लिहून खोडलंय. ते हाताला चटका बसला तरी आधी दुसऱ्याचा हात बघणारे होते. तरी ते हे म्हणाले, सहज, चहा मागितल्यासारखं. आणि मोरीत उकिडवी बसलेली मी, माझ्या अंगावर काटा आला हे खरं, पण त्याच क्षणी मला काकूंच्या बिल्डिंगची लिफ्टही दिसली, हेही तितकंच खरं.

शनिवारी मी शाळेतून आले तर आई दारात तयार. साडी बदललेली, केस विंचरलेले, हातात पुरणपोळ्यांचा डबा नव्हता. उम्म सैफकडे रिकाम्या हाताने जाताना मी तिला पहिल्यांदा बघत होते. दुसऱ्या दिवशी बोअरचं मशीन येणार होतं. वाटेत ती म्हणाली, मी सांगते तसंच सांग नीला, शब्दाला शब्द. तिच्या ओठांवरचा घाम मला आठवतो. नवऱ्याच्या धंद्याविरुद्ध, त्याला न सांगता, दुसऱ्याच्या घरी जाऊन बोलायचं, हे तिच्यासाठी काय होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणू शकले असते. कळत होतं.

उम्म सैफ व्हरांड्यात चटईवर बसली होती. आईचा चेहरा बघून ती उठलीच. कॉफी आणू का, काय झालं, घरचे बरे आहेत ना. आई बसली, पदर सावरला आणि माझ्याकडे न बघता, थेट तिच्याकडे बघत मराठीत बोलली. "यांना सांग, आमच्या घरचं पाणी खारट झालंय. ह्यांनी गवतात खोल बोअर मारला त्याने. उद्या मशीन येतंय, ते लिंबांत लावू देऊ नका म्हणावं. झाडं जातील. पैशाचं आमचं आम्ही बघू, पण तुमची झाडं जातील."

उम्म सैफने आईचं सगळं ऐकलं, एकही शब्द न कळता, आणि मग माझ्याकडे वळली. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं तेव्हा मी तेच सांगणार होते. मला कोणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, पप्पांनी तर नाहीच, त्यांना आम्ही आलोय हेही माहीत नव्हतं. मी अरबीत म्हणाले, "आई लिंबं मागतेय. लोणच्यासाठी."

हे माझ्या तोंडून आलं. माझ्याच आवाजात, चांगल्या उच्चारात. मी स्वतः दचकले. अजून एका श्वासात ते मागे घेता आलं असतं. पण लूमी हा एक शब्द आईला ओळखीचा होता, बागेचं नावच होतं ते, आणि तो ऐकून, मी बरोबर सांगतेय अशा विश्वासाने, तिने मान हलवली.

उम्म सैफने छातीवर हात ठेवला आणि हसायलाच लागली. "बस? एवढंच? मला वाटलं कोणीतरी गेलं." तिने आईचे दोन्ही हात हातात घेतले. मला विचारलं, लिंबांसाठी एवढा रडवेला चेहरा का? मी म्हणाले, मागायला लाजते ती.

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

"इन्शाल्ला म्हणतात. बघू म्हणतात."

"हसल्या का?"

"त्यांना वाटतं तू उगाच घाबरतेस."

आईने हात सोडवून घेतले. उम्म सैफ तोवर बुरखा सावरत बागेत गेली होती, नोकराला नाही पाठवलं, स्वतः गेली, आणि झापांची विणलेली मोठी टोपली लिंबांनी भरून घेऊन आली. वर हिरवी पानं लावलेली. ती टोपली तिने आईच्या मांडीवर ठेवली. आईने त्या लिंबांकडे बघितलं. मी झाडं वाचवायला आले आणि हिने माझ्या तोंडावर लिंबं मारली, असं तिला वाटलं असणार. वाटेत टोपली मी धरायला गेले तर तिने दिली नाही.

मशीन आलं. तीन-चार दिवस डोंगरापर्यंत धडधड ऐकू येत होती. पाणी लागलं, मोठं लागलं, पप्पांनी घोट फिरवला आणि म्हणाले, "मीठा है." तेव्हा ते खरंच गोड होतं. आईने त्याच आठवड्यात त्या लिंबांचं लोणचं घातलं. मीठ चाखून नाही, मोजून घातलं. बरणी गच्चीवर उन्हात ठेवायची, आत आणायची. थंडी संपता संपता आम्ही अजमानला राहायला गेलो, ती बरणी गाडीत माझ्या मांडीवर होती. निरोप घ्यायला आई उम्म सैफकडे गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. उम्म सैफ पहिल्या वर्षी पप्पांबरोबर खजुराचा डबा पाठवायची, तो आई मजल्यावर वाटून टाकायची.

अजमानला सगळं होतं तसंच होतं: लिफ्ट, बेकरी, तालमी. मला नाटकात कामही मिळालं. एक दिवस पप्पा धैदहून आले, जेवायला बसले, लोणच्याची फोड घेतली आणि म्हणाले, "उम्म सैफची लिंबं गेली. खलास." पानं टोकाकडून तपकिरी होत गेली, मग सगळी गळली, मग लिंबं सुपारीएवढी राहून पडायला लागली. आई पोळीवर तूप लावत होती. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं त्यांना." पप्पांनी मान वर केली. त्यांना हे नवीन होतं. "सांगितलं होतंस? कधी?" आईने माझ्याकडे बोट केलं, हिलाच विचारा, हिनेच तर सांगितलं. आणि मी, तोंडात त्याच लिंबाची फोड, हो म्हटलं. पप्पा पुढे जेवले नाहीत. बायकोने सांगूनही त्या बाईने बोअर मारू दिला, एवढा आपल्या जिभेवर विश्वास, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. त्यानंतर पाण्याची चव घेणं त्यांनी सोडून दिलं. लॅबचा कागद आल्याशिवाय पंप बसवायचा नाही म्हणायला लागले, आणि गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली. तसंही एकेक शेत ओस पडत होतं. दुकान बंद करून ते एका कॉन्ट्रॅक्टरकडे लागले, दुबईतल्या सोनापूरच्या लेबर कॅम्पमधल्या टाक्यांचे पंप बघायला. मी कारण होते असं मी म्हणत नाही. पाणी सगळीकडेच गेलं. पण त्या एका बागेपुरतं मात्र मला तसं म्हणता येत नाही.

अबू सैफ वारले तेव्हा मी नोकरीला लागले होते, गाडी घेतली होती. आई म्हणाली भेटायला जायला हवं. या मधल्या वर्षांत आई अजमानमध्ये अरब बायकांचे कपडे शिवत होती, आणि गिऱ्हाइकांकडून अरबी शिकली होती, व्याकरण नसलेली पण बिनधास्त. हे मला माहीत होतं, रोज ऐकत होते, तरी गाडी चालवताना त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. शेताशी वळलो तर पंपांची घरघर नव्हती. गवताच्या जागी कडक पांढरी माती. लिंबांची झाडं कोणी तोडलीही नव्हती. करड्या काड्या उभ्या होत्या, ओळीने, बुंध्याशी अजून पाण्याची आळी असलेल्या. आई गाडीतून उतरून त्या ओळींकडे बघत राहिली.

उम्म सैफ फार म्हातारी दिसत होती. बाटलीतलं पाणी दिलं, कॉफी दिली. रडणं झालं, बोलणं झालं, आई स्वतःच बोलत होती, मी नुसती बसले होते. मग आई म्हणाली, तुटक अरबीत, तक्रारीने नाही, मायेने: मी तेव्हा सांगितलं होतं तुला, मशीन लावू नको. तू ऐकलं नाहीस.

उम्म सैफला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं. आईने पुन्हा सांगितलं, त्या दिवशी, मशीनच्या आदल्या दिवशी, मी आले होते. उम्म सैफ आठवून हसली, सुरकुत्यांतून. "तेव्हा तर तू, उम्म नीला, लिंबं मागायला आली होतीस. रडत होतीस लिंबांसाठी. मी टोपली भरून दिली."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. कपातली कॉफी संपवली, कप हलवून परत दिला, तिथल्या बायका नको म्हणताना हलवतात तसा, आणि म्हणाली, "हो. लिंबंच. मी विसरले. लोणचं छान झालं होतं."

परतताना गाडीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, समोर बघून चालव. उम्म सैफ पुढे काही वर्षांनी गेली. तिला कोणी सांगितलं नाही. आणि आईने त्या दिवसापासून मला तिच्यासाठी एकही वाक्य बोलू दिलं नाही. बँकेत, दुकानात, फोनवर, कोणी माझ्याकडे वळलं की तिचा हात वर व्हायचा: मी सांगते. माझं लग्न झालं, पप्पा गेले, तरी तो हात तसाच वर होत राहिला.

गेल्या वर्षी आईचं ब्लड प्रेशर वाढलं म्हणून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण सिरियन, तरुण, घाई नसलेली. जेवणात मीठ किती, तिने विचारलं. मी बोलणार तोच हात वर झाला. आई स्वतः म्हणाली, मीठ कमी, फार वर्षं कमी, आमच्या पाण्यातच मीठ होतं. डॉक्टरीण गोंधळली. पाण्यात मीठ? कुठल्या पाण्यात? ती माझ्याकडे वळली. आईचा हात पुन्हा वर गेला, आणि मग, का कोण जाणे, खाली आला. चादरीवर पडून राहिला.

"सांग," आई म्हणाली. "शब्दाला शब्द."

मी अरबीत सांगायला लागले. शेताचं, नळाचं, लाकडी चमच्याचं, गवतातल्या बोअरचं. डॉक्टरिणीला यातलं काही नको होतं, पण ती ऐकत राहिली. आई डोळे मिटून माझा एकेक शब्द ऐकत होती, आता तिला सगळे कळत होते. दुसऱ्या दिवशी मशीन यायचं होतं, मी म्हणाले, म्हणून आई त्यांच्याकडे गेली आणि मला म्हणाली, यांना सांग. मी सांगितलं, लूमी... आणि तिथे मी थांबले.

आईने डोळे उघडले नाहीत.

"पुढे," ती म्हणाली.